मुलांचा शब्द, मोठ्यांची जबाबदारी: शाळेत लैंगिक हिंसा रोखणारा विद्यार्थी-गट कसा उभारावा

नववीतल्या एखाद्या मुलीच्या बाकावर कुणी अश्लील काही लिहिलं, तर शिक्षकांच्या ते उशिरा लक्षात येतं आणि घरी बहुधा पोहोचतच नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांना मात्र ते पहिल्या तासालाच ठाऊक असतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवलेला फोटो, एसटीत चढताना मुद्दाम मारलेला धक्का, मुलांच्या स्वच्छतागृहात एखाद्याची पँट ओढण्याची ‘गंमत’, वसतिगृहात रात्री दिवे गेल्यावर चालणारी दादागिरी, या सगळ्याचे पहिले साक्षीदार विद्यार्थीच असतात. त्यांतलं कुणी हसतं, कुणी मान खाली घालतं. बऱ्याच जणांना वाईट वाटतं, पण काय करावं ते सुचत नाही. हिंसा रोखण्याची खरी संधी याच क्षणी असते आणि या क्षणी तिथे मोठं माणूस हजर नसतं.

म्हणूनच जगात अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने चालणारे उपक्रम उभे राहिले. आपल्याकडेही ते उभे राहू शकतात. हा लेख आठवी ते बारावीच्या वर्गांचे शिक्षक, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि पालक यांच्यासाठी आहे. त्यात मुख्य सांगणं एकच आहे. वर्गातलं वातावरण बदलण्याचं काम मुलं मोठ्यांपेक्षा चांगलं करतात, पण संरक्षण, तक्रार आणि चौकशी यांचा भार मोठ्यांनीच उचलायचा असतो. ही वाटणी पहिल्या दिवशी स्पष्ट करता आली तरच असा उपक्रम हाती घ्यावा.

याचा उपयोग होतो का?

अमेरिकेतील केंटकी राज्यात ‘ग्रीन डॉट’ नावाच्या उपक्रमाची २६ हायस्कूलमध्ये काही वर्षं नीट चाचणी घेतली गेली. निम्म्या शाळांत उपक्रम राबवला, उरलेल्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या आणि दर वर्षी विद्यार्थ्यांकडून नाव न लिहिता प्रश्नावल्या भरून घेतल्या. कल्पना साधी आहे. शाळेच्या नकाशावर हिंसेची प्रत्येक कृती हा एक लाल ठिपका मानायचा आणि ती रोखणारी किंवा ती खपवून घेतली जाणार नाही असं सांगणारी प्रत्येक छोटी कृती हा हिरवा ठिपका. लाल ठिपका एकट्याने पुसता येत नसला, तरी एखादा हिरवा ठिपका कुणालाही ठेवता येतो.

सुरुवातीला प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी सगळ्या विद्यार्थ्यांसमोर हा विषय मांडला. पुढच्या वर्षापासून ज्यांचं म्हणणं इतर मुलं ऐकतात असे विद्यार्थी निवडून त्यांना सविस्तर प्रशिक्षण दिलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लैंगिक हिंसेच्या घटनांत तुलनेतल्या शाळांपेक्षा ठळक घट दिसली, ती तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी. आपल्यासाठी यात दोन धडे आहेत. एक, भाषणाने सुरुवात होते, बदल मात्र निवडक मुलांच्या तयारीतून पसरतो. दोन, एका वर्षात फळ मागू नये.

मुंबईतही असं काम झालेलं आहे. ‘कोरो’ या संस्थेने पॉप्युलेशन कौन्सिल आणि ब्राझीलची प्रोमुंडो यांच्यासोबत ‘यारी-दोस्ती’ हा कार्यक्रम वस्त्यांमधल्या तरुण मुलग्यांसाठी राबवला. वस्तीतल्याच मुलांना तयार करून त्यांच्यामार्फत मर्दानगी, नातेसंबंध आणि हिंसा या विषयांवर गटचर्चा घेतल्या गेल्या. १९९३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ‘मावा’, म्हणजे स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध उभी राहिलेली पुरुषांची संस्था, ‘युवा मैत्री’ उपक्रमातून महाविद्यालयीन तरुणांना हेच काम शिकवत आली आहे. मुंबईतील महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी स्त्री-पुरुष समानतेचा ‘जेम्स’ हा वर्गउपक्रमही झाला. म्हणजे मराठीत, आपल्या वस्तीत, आपल्या मुलांशी हे बोलता येतं याची उदाहरणं आपल्याच घरात आहेत. तुमच्या जिल्ह्यात असं काम करणारी संस्था असेल तर पहिल्या वर्षी तिची मदत जरूर घ्या.

आधी मोठ्यांची तयारी

मुलांना बोलायला शिकवलं की ती बोलू लागतात. त्यांनी सांगितलेलं ऐकायला कुणी तयारच नसेल, तर त्यांची दुहेरी फसवणूक होते. त्यामुळे एकाही विद्यार्थ्याची निवड करण्याआधी पुढच्या गोष्टी पूर्ण करा.

पहिली गोष्ट, शाळेत दोन विश्वासू माणसं नेमा, शक्यतो एक शिक्षिका आणि एक शिक्षक. कोणत्याही विद्यार्थ्याने कोणत्याही वेळी त्यांच्याकडे जावं हे प्रार्थनेच्या वेळी जाहीर करा. ही माणसं पदावरून निवडू नका. मुलं आपणहून कुणाकडे जातात ते पाहा. कधी कधी ती कार्यालयातली ताई किंवा ग्रंथपाल असते.

दुसरी गोष्ट, कायद्याची माहिती सगळ्या कर्मचाऱ्यांना द्या, शिपाईमामा, सफाई कर्मचारी आणि बसचालक यांच्यासह. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच पॉक्सो, अठरा वर्षांखालील प्रत्येकाला लागू आहे, मुलग्यांनाही. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं कळलेल्या व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. कलम २१ नुसार न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा कळवला नाही, तर ही कैद एक वर्षापर्यंत आहे. याच कलमात एक महत्त्वाची सवलत आहे: न कळवल्याबद्दलची शिक्षा बालकाला लागू होत नाही. मुलावर हे ओझं नको असं कायद्यालाच वाटतं आणि आपल्या उपक्रमाची मांडणीही त्याच तत्त्वावर असावी. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, हेही कर्मचाऱ्यांना सांगा. भीती असते ती बहुतेकदा याच गोष्टीची.

ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूरचं प्रकरण आपल्याला आठवत असेल. चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराची माहिती वेळेत दिली नाही म्हणून तिथे संस्थाचालक आणि मुख्याध्यापिका यांच्यावरही गुन्हा नोंदवला गेला. ‘शाळेचं नाव खराब होईल’ हा विचार मुलांना तर धोक्यात टाकतोच, कायद्यापुढेही तो टिकत नाही.

तिसरी गोष्ट, जे आहे ते वापरा. राज्य शासनाने २०२२ मध्ये शाळांत ‘सखी सावित्री समिती’ स्थापन करायला सांगितलं आहे, तक्रारपेटीचे आदेशही आहेत. अनेक ठिकाणी समिती कागदावर आणि पेटी कुलपात असते. समितीची बैठक बोलवा, पेटी मुलांना सहज पण नजरेआड वापरता येईल अशा जागी हलवा आणि ती कुणी, कोणत्या वारी उघडायची ते लिहून लावा.

चौथी गोष्ट, एक कागद तयार ठेवा. त्यावर जवळचं पोलीस ठाणे, जिल्ह्याची बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, जवळचं सरकारी रुग्णालय आणि समुपदेशक यांचे क्रमांक असावेत. बालमदतीचा १०९८ आणि तातडीचा ११२ हे दोन क्रमांक प्रत्येक वर्गात भिंतीवर हवेत.

गटात कोण असावं?

सगळ्यात नेहमीची चूक इथे होते. आपण वर्गप्रतिनिधी, वक्तृत्वात बक्षीस मिळवणारी मुलगी, शिक्षकांचे लाडके विद्यार्थी निवडतो. ही मुलं चांगली असतात, पण शेवटच्या बाकावर त्यांचा शब्द चालेलच असं नाही. खरी निवड वर्गालाच करू द्या. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी देऊन दोन प्रश्न विचारा: ‘अडचणीत सापडलास तर वर्गातल्या कुणाला सांगशील?’ आणि ‘वर्गातल्या कुणाच्या ‘थांब’ म्हणण्यावर तुझे मित्र थांबतात?’ चिठ्ठ्यांत जी नावं पुन्हा पुन्हा येतील, ती तुमची माणसं. त्यांत कबड्डीच्या संघाचा कप्तान असेल, सगळ्यांना हसवणारा एखादा खोडकर मुलगा असेल, शांत बसणारी पण सगळ्यांची गुपितं सांभाळणारी मुलगी असेल.

वर्गात जितके कंपू आहेत, त्या प्रत्येकातून कुणीतरी गटात यावं. वस्तीतून येणारी मुलं, वसतिगृहातली मुलं, एसटीने गावाहून येणारी मुलं, वेगवेगळ्या जातीधर्मांची आणि बोलींची मुलं, अपंग विद्यार्थी, यांपैकी कुणी सुटलं तर त्या मुलांपर्यंत उपक्रम पोहोचणार नाही. मुली आणि मुलगे निम्मे-निम्मे ठेवा. साठ विद्यार्थ्यांच्या तुकडीत आठ जण पुरेसे आहेत.

सहभाग ऐच्छिक असावा आणि पालकांची लेखी संमती घ्यावी. कारण न देता केव्हाही बाहेर पडता येईल असं मुलांना आधीच सांगा. निवडलेल्यांपैकी कुणी स्वतः अत्याचार सोसलेला असू शकतो. ‘तुझ्या बाबतीत असं झालंय का?’ हा प्रश्न प्रशिक्षणात कधीही, कुणालाही विचारू नका. मात्र प्रशिक्षणाच्या दिवशी समुपदेशक जवळच्या खोलीत असावा आणि मध्येच उठून बाहेर जाण्याची मुभा सर्वांना असावी.

प्रशिक्षण: तीन गोष्टी पक्क्या करायच्या

दोन शनिवार पुरेसे आहेत, पण घाई नको. व्याख्यानापेक्षा चर्चा आणि प्रसंग वठवून पाहणं यांवर जास्त वेळ द्या.

पहिली गोष्ट संमती. मुलांच्या रोजच्या जगातून सुरुवात करा. वर्गात एका मुलाचं आणि एका मुलीचं नाव जोडून चिडवलं जातं. दोघांपैकी एकाला ते नको असतं, तरी चिडवणं थांबत नाही. मित्रांनी पैज लावली म्हणून कुणी चॉकलेट घेऊन एखाद्या मुलीसमोर उभा राहतो आणि ती ‘नाही’ म्हणाली तर ‘ती लाजतेय’ असं ठरवलं जातं. पासवर्ड मागणं, फोटो मागणं, ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं म्हणून अडवणं, या सगळ्यांत दबाव कुठे सुरू झाला ते मुलांनाच शोधायला सांगा. भीतीपोटी गप्प राहणं, ओशाळून हसणं, काल हो म्हटलेलं असणं, यांतलं काहीही आजची संमती होत नाही. कायद्याची बाजूही सरळ सांगा: अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती पॉक्सोखाली ग्राह्य धरली जात नाही. पाठलाग करणं, अश्लील हावभाव करणं, अश्लील चित्र दाखवणं, फोटो पसरवण्याची धमकी देणं हेही लैंगिक हेतूने केलं तर या कायद्यातले गुन्हे आहेत, फक्त शारीरिक अत्याचार नव्हे.

दुसरी गोष्ट, प्रसंग घडताना काय करायचं. ग्रीन डॉटमध्ये यासाठी तीन वाटा शिकवतात आणि आपल्या मुलांनाही त्या चटकन कळतात. थेट बोलायचं, प्रसंग मोडायचा किंवा दुसऱ्या कुणाला पुढे करायचं. तीनही वाटा सारख्याच मोलाच्या आहेत. ज्याचा स्वभाव भिडस्त आहे, त्याने थेट बोललंच पाहिजे असं नाही.

हा प्रसंग घ्या. दहावीच्या मुलांच्या ग्रुपवर वर्गातल्या एका मुलीचा चेहरा दुसऱ्याच अंगाला जोडलेला फोटो येतो. खाली हसण्याच्या खुणा पडू लागतात. थेट बोलणारा लिहितो, ‘हे बंद कर. कुणाच्याही बाबतीत हे चालणार नाही.’ प्रसंग मोडणारा ज्याने फोटो टाकला त्याला बाजूला फोन करतो, ‘अरे, आत्ताच्या आत्ता डिलीट कर, उगाच अडकशील.’ तिसरी वाट घेणारा लगेच नेमलेल्या शिक्षकांना सांगतो. इथे एक नियम पक्का शिकवा: असा फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पुढे पाठवायचा नाही. कुणी टाकला, कोणत्या ग्रुपवर, किती वाजता, एवढं कागदावर टिपून मोठ्यांना सांगायचं. मुलांच्या अश्लील प्रतिमा साठवणं आणि पसरवणं हाही गुन्हा आहे, त्यामुळे शिक्षकांनीही तो आपल्या फोनवर मागवू नये. पोलिसांना कळवावं आणि फोनचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्यावं.

दुसरा प्रसंग. एसटी स्टँडवर बारावीचा मुलगा नववीतल्या मुलीची वाट अडवून उभा आहे. गटातली मुलगी लांबूनच हाक मारते, ‘ए, चल लवकर, गाडी लागली!’ आणि तिचा हात धरून चालू लागते. ना भांडण, ना भाषण. प्रसंग मात्र तिथेच तुटतो. तिसरा प्रसंग वसतिगृहातला. लहान मुलाला मोठी मुलं कपडे काढायला लावत आहेत. इथे एकट्याने मध्ये पडणं धोक्याचं आहे. धावत जाऊन अधीक्षकांना उठवणं हेच शहाणपण. आपल्या सुरक्षेला धोका असेल तेव्हा तिसरी वाटच घ्यायची, हे प्रत्येक सरावात म्हणवून घ्या.

असे दहा-बारा प्रसंग मुलांनाच लिहायला सांगा. त्यांची भाषा, त्यांचे कट्टे, त्यांचे रस्ते त्यात यायला हवेत. एका मुलग्यावर दुसऱ्या मुलग्यांनी केलेला अत्याचार, ‘बायल्या’ म्हणून छळला जाणारा मुलगा, नातेवाइकाने केलेला अत्याचार आणि एखाद्या शिक्षकाचं वागणं, हे विषय वगळू नका. २००७ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं आणि छळणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीतले, विश्वासातले होते. ‘अनोळखी माणसापासून सावध राहा’ एवढंच शिकवून भागत नाही ते यामुळे.

तिसरी गोष्ट, कुणी मन मोकळं केलं तर काय बोलायचं. मैत्रीण मैत्रिणीलाच आधी सांगते. तेव्हा मुलांना चार वाक्यं तोंडपाठ असावीत:

- तू सांगितलंस ते बरं केलंस.
- माझा तुझ्यावर विश्वास आहे.
- यात तुझी काही चूक नाही.
- हे आपण एकट्याने पेलायचं नाही, मी तुझ्याबरोबर मॅडमकडे येते.

काय बोलू नये तेही शिकवा. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’, ‘आधी का नाही सांगितलंस?’, ‘नीट सांग, नक्की काय झालं?’ हे प्रश्न नकोत. आणि सर्वांत महत्त्वाचं, ‘आईशपथ, मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. त्याऐवजी म्हणायचं, ‘मी वर्गात कुणाला कळू देणार नाही, पण तुला मदत करू शकेल अशा एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल.’ गटातल्या मुलाचं काम इथे संपतं. मोठ्यांपर्यंत सोबत पोहोचवलं की पुढची जबाबदारी त्याची नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, नाही तर ते मूल रात्र रात्र झोपणार नाही.

शाळेचा नकाशा

प्रशिक्षणानंतर गटाला देण्यासारखं पहिलं काम म्हणजे नकाशा. शाळेचा आणि येण्याजाण्याच्या रस्त्याचा साधा आराखडा काढून त्याच्या प्रती सगळ्या वर्गांत वाटा. प्रत्येकाने नाव न लिहिता असुरक्षित वाटणाऱ्या जागा लाल रंगाने आणि सुरक्षित वाटणाऱ्या हिरव्याने रंगवायच्या. मुली आणि मुलगे यांचे नकाशे वेगळे ठेवा, कारण दोघांच्या लाल जागा बऱ्याचदा वेगळ्या निघतात. जिन्याखालचा कोपरा, कडी नसलेलं स्वच्छतागृह, प्रयोगशाळेमागची बोळ, सायकलस्टँड, शिकवणी सुटल्यावरचा अंधारा रस्ता, असं चित्र हळूहळू उभं राहतं.

न्यूयॉर्क शहरातील मधल्या इयत्तांच्या ३० शाळांत ‘शिफ्टिंग बाउंडरीज’ नावाचा प्रयोग झाला. तिथे मुलांच्या अशाच नकाशांवरून धोक्याच्या जागी मोठ्यांची उपस्थिती वाढवली. जिथे शाळेच्या इमारतीत असे बदल केले तिथे विद्यार्थ्यांमधली लैंगिक हिंसा कमी झाली, नुसत्या वर्गातल्या तासिकांनी मात्र असा परिणाम साधला नाही. म्हणून नकाशा मिळाल्यावर महिन्याभरात काहीतरी बदललेलं दिसलं पाहिजे. कडी बसवा, दिवा लावा, मधल्या सुट्टीत जिन्याजवळ शिक्षकांची पाळी लावा, शिकवणीच्या रस्त्यासाठी ग्रामपंचायत किंवा पोलीस ठाण्याला पत्र द्या. मग मुलांना प्रार्थनेच्या वेळी सांगा, ‘तुम्ही दाखवलंत, आम्ही हे केलं.’ उपक्रमावरचा विश्वास इथून तयार होतो.

एखाद्या मुलाने अत्याचार सांगितला तर

इथून पुढे काम मोठ्यांचं. मुलाचं म्हणणं शांतपणे ऐका, त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा, तारीख आणि वेळ घाला. खोदून खोदून विचारू नका. पोलिसांना लगेच कळवा. ‘आधी शाळेच्या पातळीवर खात्री करू’ असं म्हणून चौकशी लांबवू नका, कारण खरं-खोटं ठरवणं हे शाळेचं काम नाही. आरोप झालेल्याला आणि मुलाला समोरासमोर बसवू नका. पालकांना विश्वासात घ्या. मात्र आरोप घरातल्याच व्यक्तीवर असेल तर आधी १०९८ आणि बालकल्याण समितीशी बोला.

मुलाला आणि पालकांना त्यांचे हक्क सांगा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं आणि समिती मुलासाठी सहायक व्यक्ती नेमू शकते. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने अत्याचार झालेल्या मुलावर तातडीचे उपचार मोफत करायचे असतात आणि त्यासाठी आधी एफआयआरची अट घालता येत नाही. राज्याच्या ‘मनोधैर्य’ योजनेतून आर्थिक साहाय्य मिळू शकतं, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी. मुलाचं नाव आणि ओळख शाळेच्या खोलीबाहेर जाता कामा नये, शिक्षकांच्या ग्रुपवरही नाही.

आणखी एका भीतीकडे डोळेझाक करू नका. अनेक मुली गप्प राहतात त्या ‘घरी कळलं तर शाळा बंद होईल, लग्न उरकतील’ या धास्तीने. ती धास्ती खरी असते. म्हणून मुलगी शाळेत येत राहील याची जबाबदारी शाळेने घ्यावी. तिची तुकडी, बस किंवा वर्ग बदलण्याची शिक्षा तिला देऊ नये. तिला नको असेल तर बदल समोरच्याच्या बाबतीत करावा. ज्याच्यावर आरोप आहे तोही विद्यार्थी असेल, तर त्याचं प्रकरण बालन्याय कायद्याने चालतं. त्यालाही समुपदेशनाची गरज असते आणि वर्गाने त्याचा न्याय करू नये याची काळजी घ्यावी लागते.

पालकांशी बोलताना

‘नको ते मुलांच्या डोक्यात घालताय’ अशी शंका पालकसभेत येणारच. तिला शांतपणे उत्तर द्या. मुलांच्या हातात फोन आहे, त्यावर काय येतं हे आपल्या हातात नाही. शाळा शिकवणार आहे ते सावध राहणं, दुसऱ्याचा मान राखणं आणि अडचणीत सांगणं. प्रशिक्षणात वापरायचे प्रसंग पालकांना आधी वाचून दाखवा. मुलींच्या आयांइतकंच मुलग्यांच्या वडिलांना बोलवा. ‘आपल्या मुलाला त्रास होऊ नये’ हे सगळ्यांना पटतं. ‘आपल्या मुलाने कुणाला त्रास देऊ नये’ हे वाक्यही त्याच सभेत म्हणा.

पालकांसाठी घरची एक सवय सुचवा. मुलाने काही सांगितलं की पहिल्या दहा मिनिटांत ना रागवायचं, ना फोन काढून घ्यायचा, ना उपदेश करायचा. फोन जाईल या भीतीने मुलं धमक्या लपवतात आणि नेमकं तेच धमकी देणाऱ्याला हवं असतं.

वर्षभराची आखणी

जून आणि जुलै कर्मचाऱ्यांच्या तयारीला आणि पालकसभेला द्या. ऑगस्टमध्ये सगळ्या विद्यार्थ्यांसमोर विषय मांडा आणि चिठ्ठ्यांनी निवड करा. सप्टेंबरमध्ये प्रशिक्षण, दिवाळीच्या सुट्टीआधी नकाशा. नोव्हेंबरपासून गटाची मुलं आपल्या वर्गात महिन्यातून एक छोटा उपक्रम घेतील: पथनाट्य, प्रसंगावर चर्चा, ‘मी काय केलं असतं’ असा फलक. स्नेहसंमेलनात एखाद्या नाटुकलीला जागा द्या. परीक्षांच्या आधी फेब्रुवारीत आढावा घ्या. नेमलेल्या शिक्षकांनी दर पंधरा दिवसांनी गटाबरोबर बसावं, अर्धा तास का होईना. त्या बैठकीत आधी मुलांची विचारपूस करावी, मग कामाचं बोलावं.

हे टाळा

गटाला हेरगिरीला लावू नका. कुणाचं कुणाशी ‘जमलंय’ ते शिक्षकांना सांगणं हे त्यांचं काम नाही. एकदा का तसा संशय आला की वर्ग त्यांच्याशी बोलणं बंद करतो. मुलींना वेगळं बसवून कपडे, वेळ आणि वागणं यांवर सल्ले देऊ नका. त्यातून दोष मुलींचा असल्याचा संदेश जातो आणि ज्यांच्याशी बोलायचं ते मुलगे बाहेर मैदानात खेळत राहतात. मुलग्यांना संभाव्य गुन्हेगार समजूनही बोलू नका. बहुतेकांना हे आवडत नसतं, फक्त आपण एकटेच आहोत असं वाटत असतं. ते एकटे नाहीत हे दाखवणं, हे गटाचं सर्वांत मोठं काम आहे. पोस्टर स्पर्धा आणि एक दिवसाची शपथ एवढ्यावर थांबू नका. आणि काहीही झालं तरी तडजोड, माफीनामा किंवा ‘भाऊ-बहीण समजा’ असा समेट घडवू नका.

फरक पडतोय हे कसं ओळखावं

सुरुवातीला आणि वर्षाच्या शेवटी नाव न लिहिता तेच पाच-सहा प्रश्न विचारा: या महिन्यात अशी कोणती वागणूक पाहिली? पाहिल्यावर काय केलं? कुणाला सांगता येईल असं वाटतं? शाळा ऐकून घेईल असं वाटतं का? या उत्तरांची तुलना करा. पहिल्या वर्षी तक्रारी वाढतील. त्याने घाबरू नका. ज्या शाळेत काहीच कानावर येत नाही, तिथे मुलांनी सांगणं सोडून दिलेलं असण्याची शक्यता जास्त. संस्थेच्या वार्षिक बैठकीत तक्रारींची संख्या अपयश म्हणून वाचली जाऊ नये, याची तजवीज मुख्याध्यापकांनी आधीच करावी. लेखी नोंद ठेवली आणि पुढच्या वर्षीच्या गटाची तयारी आठवी-नववीपासून केली, तर दहावी-बारावीची मुलं बाहेर पडल्यावरही काम थांबत नाही.

सुरुवात मोठी नसली तरी चालेल. या आठवड्यात तीन कामं करा. कर्मचाऱ्यांच्या बैठकीत पॉक्सोची कलमं १९ आणि २१ मोठ्याने वाचा. विद्यार्थ्यांनी ज्यांच्याकडे जायचं त्या दोघांची नावं ठरवून प्रत्येक वर्गात १०९८ च्या शेजारी लिहा. आणि तक्रारपेटी उघडून त्यात आजवर पडलेली प्रत्येक चिठ्ठी वाचून तिची दखल घ्या. एवढं झालं की मुलांना बोलवा. आपल्यामागे मोठी माणसं भक्कम उभी आहेत याची खात्री पटली, तर चुकीच्या वागण्याला वर्गात ‘थांब’ म्हणण्याची हिंमत मुलांत नक्की आहे.